हरलेल्या सेनापतीच्या वाटेवर पाच दिवस

पहिला दिवस : गेटिसबर्ग

बाबा कराडहून निघतानाच फोनवर म्हणाले होते, "नायगारा नंतर बघू, आधी मला गेटिसबर्गला ने." हायस्कुलात तीस वर्षं इतिहास शिकवलेला माणूस. गुलामगिरीच्या प्रश्नावर उत्तर आणि दक्षिण फुटून झालेलं अमेरिकेचं यादवी युद्ध पाठ्यपुस्तकात दीड-दोन पानांत उरकायचं, लिंकनपाशी थांबायचं, ही त्यांची जुनी खंत होती. पण या वेळी त्यांच्या डोक्यात लिंकन नव्हता, जेम्स लाँगस्ट्रीट होता.

त्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी बाबांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेला. वयाच्या बहात्तराव्या वर्षी त्यांनी दुरेघी वही आणली आणि डाव्या हातानं अ, आ गिरवायला सुरुवात केली. त्याच दिवसांत वाचताना त्यांना हा दक्षिणेचा सेनापती भेटला. उजवा हात निकामी झाल्यावर तोही डाव्या हातानं लिहायला शिकला होता. बाबा आधी त्या हातासाठी वाचत गेले, मग माणसासाठी.

मेरीलँडमधल्या आमच्या घरापासून गेटिसबर्ग सव्वा तासावर. ऑक्टोबर असल्यामुळे फ्रेडरिकच्या पुढे दोन्ही बाजूंच्या टेकड्या तांबूस झाल्या होत्या. रणभूमीवर गाडीनं फिरायचा रस्ता आखलेला आहे आणि दर थोड्या अंतरावर स्मारकं, तोफा, फलक. आम्ही दक्षिणेच्या फौजेच्या बाजूनं सुरुवात केली.

व्हर्जिनियाचं स्मारक लांबूनच दिसतं. ४१ फूट उंच, वर घोड्यावर या फौजेचा प्रमुख रॉबर्ट ई. ली, समोर सगळं मोकळं रान. हे १९१७चं. तिथून थोडं पुढे गेलं की पिट्झर वुड्स म्हणून झाडी लागते. तिथे रस्त्यापासून आत, सावलीत लाँगस्ट्रीट आहे. त्याला चौथरा नाही. घोडा जमिनीवरच उभा आहे, आपल्या उंचीला. हा पुतळा बसला ३ जुलै १९९८ला, म्हणजे लढाईनंतर १३५ वर्षांनी. लीच्या सैन्याची एक अख्खी कोअर, म्हणजे हजारोंचा मोठा विभाग, ज्याच्या हाताखाली होती, ज्याला ली 'माझा जुना युद्धाचा घोडा' म्हणायचा, त्याला इथे जागा मिळायला एवढा काळ गेला. बाबा काठी टेकत पुतळ्याजवळ गेले आणि घोड्याच्या मानेवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले.

लाँगस्ट्रीटचा जन्म १८२१चा, दक्षिण कॅरोलायनातला. बालपण जॉर्जियात गेलं. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतून १८४२ साली बाहेर पडला तेव्हा ५६ जणांत त्याचा नंबर ५४वा होता. तिथेच एक वर्ष मागे असलेला युलिसिस ग्रँट, पुढे उत्तरेचा सरसेनापती, त्याचा मित्र झाला. ग्रँटची बायको ज्युलिया ही लाँगस्ट्रीटच्या दूरच्या नात्यातली, त्यांच्या लग्नालाही तो हजर होता. मेक्सिकोच्या युद्धात चापुल्तेपेकच्या गडावर हल्ला करताना तो निशाण हातात घेऊन जखमी झाला, आणि ते निशाण त्यानं जॉर्ज पिकेटच्या हाती दिलं. सोळा वर्षांनी इथे गेटिसबर्गला त्याच पिकेटला त्याला मरणाच्या तोंडी पाठवावं लागलं.

वेस्ट कॉन्फेडरेट अव्हेन्यूवर त्याच्याच नावाचा लोखंडी टेहळणी मनोरा आहे. पंच्याहत्तर फूट. बाबा खालीच थांबले, मी चढले. वरून २ जुलै १८६३ची सगळी जागा दिसते : पीच ऑर्चर्ड, मागे लिटल राउंड टॉप. लाँगस्ट्रीटला इथे हल्ला करायचाच नव्हता. शत्रूच्या डाव्या बगलेला वळसा घालून त्याच्या आणि वॉशिंग्टनच्या मध्ये जाऊन बसावं, आणि त्यालाच आपल्यावर चालून यायला लावावं, असं त्याचं म्हणणं. लीनं ते मानलं नाही. लढाईच्या या दुसऱ्या दिवशी हल्ला सुरू व्हायला दुपारचे चार वाजले. शत्रूच्या नजरेस पडू नये म्हणून सैन्य अर्ध्या वाटेतून मागे फिरवावं लागलं, त्यात वेळ गेला. मनाविरुद्धच्या कामात तो त्या दिवशी रेंगाळला, हे मला खरं वाटतं. सेनापतीनं असं करू नये. पण हल्ला सुरू झाल्यावर त्याच्या माणसांनी जी झुंज दिली, ती त्या तीन दिवसांतली सगळ्यात भयंकर होती.

तिसऱ्या दिवशी पाऊण मैल उघड्या शेतातून सुमारे साडेबारा हजार माणसं समोरच्या तोफांवर चालत गेली. निघू का, असं पिकेटनं विचारलं तेव्हा लाँगस्ट्रीटच्या तोंडून शब्द फुटला नाही, त्यानं फक्त मान हलवली. गेलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक ठार, जखमी किंवा कैद झाले. परतणाऱ्यांना सामोरा जाऊन ली म्हणत होता, की दोष माझा आहे.

ते शेत आम्ही चालून पाहिलं. बाबांच्या चालीनं अर्ध्यापर्यंतच. तिथे गवतात उभं राहून त्यांनी विचारलं, "हे सगळं कशासाठी लढत होते, ते विसरून चालणार नाही ना गं?"

नाहीच चालणार. उत्तरेतल्या या पेनसिल्व्हेनिया राज्यात शिरलेल्या दक्षिणेच्या सैन्यानं तिथले कृष्णवर्णीय पकडून दक्षिणेत गुलामीत धाडले, जन्मापासून स्वतंत्र असलेलेसुद्धा. लाँगस्ट्रीटच्या मुख्यालयातून पिकेटला १ जुलैला गेलेल्या पत्रात, पकडलेल्यांना बरोबर आणावं, असा उल्लेख आहे. ज्या घोड्याच्या मानेवर बाबांनी हात ठेवला, त्यावरचा माणूस या कामातही होता. परतताना गाडीत आम्ही याविषयीच बोलत होतो.

दुसरा दिवस : विल्डरनेस

व्हर्जिनियात फ्रेडरिक्सबर्गच्या पश्चिमेला हे रान. तेव्हा इथे खुरट्या झाडांची इतकी दाटी होती की दहा हातांवरचं दिसत नसे. आताही रस्ता सोडून चार पावलं आत गेलो की गाड्यांचा आवाज दबतो.

६ मे १८६४ची सकाळ. लीच्या सैन्याची एक बाजू कोसळत असताना लाँगस्ट्रीट आपली माणसं घेऊन पोचला, शत्रूला थोपवलं, आणि दुपारच्या आत एका अर्धवट राहिलेल्या रेल्वेच्या खोदाईतून बगलेवर घुसून त्याला मागे लोटलं. ही त्याची सगळ्यात देखणी चढाई. आणि त्याच विजयाच्या भरात तो घोड्यावरून प्लँक रोडनं पुढे येत असताना त्याच्याच बाजूच्या व्हर्जिनियाच्या शिपायांनी, शत्रू समजून, गोळ्या झाडल्या. बरोबरचा जनरल मायका जेन्किन्स गेला. लाँगस्ट्रीटच्या गळ्यातून आणि उजव्या खांद्यातून गोळी आरपार गेली. स्ट्रेचरवर तोंडावर हॅट ठेवून नेताना शिपाई म्हणू लागले की साहेब गेले. तेव्हा त्यानं डाव्या हातानं हॅट वर उचलली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी आरोळ्या उठल्या.

याच्या वर्षभर आधी, इथून चार-पाच मैलांवर लीचा दुसरा नावाजलेला सेनापती स्टोनवॉल जॅक्सनही आपल्याच माणसांच्या गोळ्यांनी पडला होता. तो मेला आणि दक्षिणेत देव झाला. लाँगस्ट्रीट जगला. "जगला हाच त्याचा गुन्हा," असं बाबा म्हणाले.

आवाज कायमचा घोगरा झाला, उजवा हात लुळा पडला. तरी ऑक्टोबरमध्ये तो परत हजर झाला. रस्त्याकडेच्या फलकासमोर बाबांनी वही काढली आणि तारीख लिहून घेतली. डाव्या हातानं, अक्षर अजून मोठं येतं, ओळ वर चढत जाते. मी गाडी वळवून आणली तरी त्यांचं 'विल्डरनेस' पुरं झालेलं नव्हतं. मी इंजिन बंद करून थांबले.

तिसरा दिवस : अपोमॅटॉक्स

दोन तासांवरचं हे गाव आता राष्ट्रीय उद्यान म्हणून जपलेलं आहे. मॅक्लीनचं विटांचं घर, त्याच्या बैठकीच्या खोलीत ९ एप्रिल १८६५ला लीनं ग्रँटपुढे शरणागतीवर सही केली. आज दिसतं ते घर मूळचं नाही. १८९३ साली ते वॉशिंग्टनला नेऊन उभारायचं म्हणून उतरवलं, विटा आणि लाकूड तिथेच पडून कुजलं, आणि पुढे जुन्या मापांवरून पुन्हा बांधलं.

खोलीत मोजकी माणसं होती, तरी कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. बाबांना सह्यांच्या टेबलापेक्षा दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत रस होता. शरणागतीचे तपशील ठरवायला दोन्ही बाजूंचे तीन-तीन अधिकारी नेमले होते. दक्षिणेकडून कोण? लाँगस्ट्रीट, जॉन गॉर्डन आणि विल्यम पेंडल्टन. तिथे जुना मित्र ग्रँटही भेटला, आणि काहीच घडलं नसावं अशा ओळखीनं त्यानं लाँगस्ट्रीटला सिगार दिला.

या तीन नावांतलं पेंडल्टन नाव लक्षात ठेवायचं. रात्री रिचमंडच्या हॉटेलात आम्ही वही उघडून साल लावत बसलो, कारण सगळी गोम त्या क्रमात आहे. १८६३ला गेटिसबर्ग. त्यानंतर युद्ध संपेपर्यंत, आणि पुढेही, लीनं जाहीरपणे एकदाही लाँगस्ट्रीटला दोष दिला नाही. १८६७ला लाँगस्ट्रीटनं न्यू ऑर्लिन्सच्या वर्तमानपत्रांत पत्रं लिहिली : आपण हरलो आहोत, जिंकणाऱ्यांचा कायदा मान्य करा, कृष्णवर्णीयांना मत मिळालं आहे ते स्वीकारा. १८६८ला त्यानं अध्यक्षपदासाठी ग्रँटला पाठिंबा दिला. ऑक्टोबर १८७०ला ली वारला. आणि जानेवारी १८७२मध्ये, लीच्या जयंतीला, त्याच्या हाताखालचा जुना सेनापती जुबल अर्ली भाषणात म्हणाला की लाँगस्ट्रीटनं २ जुलैला पहाटे हल्ला केला असता तर गेटिसबर्ग आपलं होतं. पुढच्या वर्षी पेंडल्टननं त्यात भर घातली : सूर्योदयालाच हल्ला करायची लीची आज्ञा होती.

नऊ वर्षं ही आज्ञा कुणाला आठवली नव्हती. लाँगस्ट्रीटनं लीच्या स्वतःच्या कचेरीतल्या अधिकाऱ्यांना पत्रं घालून विचारलं, तर टेलर, व्हेनेबल, मार्शल, लाँग या सगळ्यांनी कळवलं की अशी आज्ञा आम्हाला ठाऊक नाही. उपयोग झाला नाही. गेटिसबर्गला पहिल्या संध्याकाळी शत्रूच्या टेकडीवर चढाई का झाली नाही, हा प्रश्न खुद्द अर्लीलाही विचारता आला असता. तो कुणी विचारला नाही. पराभवाला एक माणूस हवा होता, आणि उत्तरेच्या रिपब्लिकन पक्षात गेलेला माणूस तयारच होता. पुढे गॉर्डनही आरोप करणाऱ्यांत सामील झाला.

लाँगस्ट्रीटचंही चुकलं. तो रागानं उत्तरं देत गेला, लेखांतून लीवर टीका केली, स्वतःचं श्रेय फुगवलं, आणि मग ज्यांना त्याची बाजू पटत होती त्यांनाही तो परका वाटू लागला. १८९६ला आलेल्या त्याच्या आठवणींच्या जाड ग्रंथातही तो कडवटपणा आहे.

चौथा दिवस : न्यू ऑर्लिन्स

पहाटेच्या विमानानं अटलांटामार्गे. उतरल्यावर दमट हवेचा झोत आला आणि बाबा म्हणाले, "ही तर आपली रत्नागिरी."

युद्धानंतर लाँगस्ट्रीट इथे, लुइझियाना राज्यात आला. कापसाची दलाली, मग विम्याचं काम. माफीसाठी तो राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सनला भेटला होता, तर उत्तर मिळालं की डेव्हिस (दक्षिणेचा अध्यक्ष), ली आणि तू, या तिघांना माफी कधीच नाही. काँग्रेसनं, म्हणजे तिथल्या संसदेनं, १८६८ला त्याचे हक्क परत दिले. १८६९ला ग्रँट अध्यक्ष झाल्यावर त्यानं मित्राला इथल्या बंदराच्या जकातीवर सर्वेक्षक नेमलं. कनाल स्ट्रीटवरचं ते अवाढव्य कस्टम हाउस आजही उभं आहे, भुरकट दगडाचं, रस्त्याचा अख्खा चौक व्यापून. तांबड्या ट्राम त्याच्यासमोरून जातात.

त्याची १८६७ची पत्रं नीट वाचली तर त्यांत हिशोबही आहे. आपण गोऱ्यांनी रिपब्लिकन पक्षात शिरावं म्हणजे कृष्णवर्णीयांची मतं आपल्या हातात राहतील, असं तो मांडतो. मी त्याला संत मानत नाही. पण माणूस जिथून निघतो तिथेच राहतो असं नाही. तो लुइझियानाच्या मिलिशियाचा, म्हणजे राज्याच्या नागरी सैन्याचा, प्रमुख झाला, आणि त्या मिलिशियात कृष्णवर्णीय पलटणी होत्या. दहा वर्षांपूर्वी त्याचं सैन्य ज्यांना दोर लावून दक्षिणेत नेत होतं, त्यांच्या रंगाचे शिपाई आता त्याच्या हुकमाखाली बंदुका घेऊन उभे होते.

१४ सप्टेंबर १८७४ला व्हाइट लीग या सशस्त्र गोऱ्या संघटनेनं राज्याचं निवडून आलेलं सरकार उलथायला या रस्त्यावर चाल केली. समोर मेट्रोपोलिटन पोलीस आणि मिलिशिया, गोरे-काळे मिळून, आणि त्यांच्या पुढे लाँगस्ट्रीट. विरुद्ध बाजूला त्याच्याच जुन्या सैन्यातले कितीतरी चेहरे. तो घोडा पुढे घालून त्यांना परत फिरा म्हणायला गेला. त्यांनी त्याला खाली ओढलं, जोर ओसरलेली एक गोळी त्याला लागली, आणि तो कैद झाला. पोलिसांची फळी मोडली. ग्रँटनं केंद्राचं लष्कर पाठवलं तेव्हा सरकार परत बसलं, पण फार दिवस नाही. १८७७ला लष्कर निघून गेलं आणि दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांच्या मताचा प्रश्न पुढची नव्वद वर्षं तसाच पडला.

विजय मिरवला तो उलथवायला आलेल्यांनी. १८९१ला कनाल स्ट्रीटच्या नदीकडच्या टोकाला त्यांच्या स्मरणार्थ स्तंभ उभारला, आणि १९३२ला त्यावर गोऱ्यांच्या वर्चस्वाची स्तुती उघड कोरली. एप्रिल २०१७मध्ये भल्या पहाटे तो स्तंभ महापालिकेनं काढला. पुढच्याच महिन्यात सेंट चार्ल्स अव्हेन्यूवरचा लीचा पुतळाही उतरला. त्याचा उंच खांब मात्र अजून आहे, रिकामा. आम्ही ट्राममधून त्याला वळसा घातला. इथे दहा वर्षं राहून लढलेल्या लाँगस्ट्रीटच्या नावाचा दगड बाबा दिवसभर शोधत होते. कुठे दिसला नाही.

संध्याकाळी मिसिसिपीच्या काठावर बाकावर बसलो. एक जहाज इतकं हळू चाललं होतं की किनाराच सरकतोय असं वाटावं. बाबा एकदम म्हणाले, "१८७३."

मला लगेच कळलं नाही. मग ते सांगत गेले. एप्रिल १८७३मध्ये, ईस्टरच्या दिवशी, याच राज्यात कोलफॅक्सच्या कोर्टाच्या इमारतीत आसरा घेतलेले कृष्णवर्णीय गोऱ्या टोळीनं कापून काढले. शरण आलेलेसुद्धा. आणि त्याच साली पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' छापली, तिची अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, गुलामांना दास्यातून मुक्त केल्याबद्दल. "मी वर्गात ती अर्पणपत्रिका किती वेळा वाचून दाखवली," बाबा म्हणाले. "ती लिहिली जात होती तेव्हा इथे काय चाललं होतं, हे मला माहीत नव्हतं. जोतीरावांच्या कानावर तरी आलं असेल का गं?"

मी काही बोलले नाही. त्यांचा डावा हात माझ्या हातात होता. जोतीरावांची आशा चुकीची होती असं मला त्या बाकावर वाटलं नाही. ती खरी ठरवायला कुणाला तरी रस्त्यावर उभं राहावं लागलं होतं, आणि त्यांत लाँगस्ट्रीटही एक होता.

पाचवा दिवस : गेन्सव्हिल

अटलांटा विमानतळावरून गाडी घेऊन उत्तरेला तासाभराचा रस्ता. बाबांचे पाय सुजले होते, म्हणून वाटेत दोनदा थांबलो. मी आणलेल्या दशम्या आणि दाण्याची चटणी पार्किंगमध्येच खाल्ली.

१८७५ला लाँगस्ट्रीट इथे, जॉर्जियात परतला आणि पीडमाँट हॉटेल घेतलं. नंतरची कामं भराभर सांगण्यासारखी : गावचा पोस्टमास्तर, १८८०-८१ला तुर्कस्तानात अमेरिकेचा राजदूत, मग उत्तर जॉर्जियात फेडरल मार्शल, शेवटी रेल्वेचा आयुक्त. गावाबाहेर त्याचं शेत होतं, उतारावर ताली घालून द्राक्षं लावली होती. शेजारी त्या शेताला गमतीनं 'गेटिसबर्ग' म्हणायचे. ९ एप्रिल १८८९ला, शरणागतीच्या तारखेलाच, त्याचं घर जळालं. पुस्तकं, कागद, युद्धातल्या वस्तू, सगळं. त्याच डिसेंबरात बायको मारिया लुइझा गेली. या नवरा-बायकोनं १८६२च्या सुरुवातीला रिचमंडमध्ये तापाच्या साथीत काही दिवसांच्या अंतरानं तीन मुलं पुरली होती. त्यापुढे घर जळणं किती मोठं, मला सांगता येणार नाही.

७६व्या वर्षी त्यानं ३४ वर्षांच्या हेलन डॉर्चशी लग्न केलं. २ जानेवारी १९०४ला तो न्यूमोनियानं गेल्यावर हेलननं लगेच त्याच्या बाजूनं पुस्तक छापलं आणि पुढची ५८ वर्षं नवऱ्याचं नाव सावरत काढली. दुसऱ्या महायुद्धात ऐंशीच्या घरात असताना ती मॅरिएटाच्या बॉम्बर विमानांच्या कारखान्यात कामाला जात होती. ही बाई मला फार आवडली.

अल्टा व्हिस्टा दफनभूमी उंचवट्यावर आहे. थडगं शोधायला वेळ लागला नाही. कुणीतरी छोटे झेंडे खोचले होते. बाबांनी चपला काढल्या. मी नको म्हणाले, गवतात काटे असतील, पण त्यांनी ऐकलं नाही. थोडा वेळ उभे राहिले, मग म्हणाले, "चल, हॉटेल बंद होईल."

पीडमाँट हॉटेलचा आता खालचा थोडाच भाग उरलाय. लाँगस्ट्रीटच्या नावानं चालणाऱ्या संस्थेनं तिथे छोटंसं संग्रहालय केलं आहे. लाकडी जमीन, जुन्या तसबिरी, आणि आम्ही सोडून कुणीच नाही. तिथल्या आजोबांनी बाबांसाठी खुर्ची आणली आणि कुठून आलात विचारलं. बाबांनी 'इंडिया' न म्हणता 'कराड' सांगितलं, मग मी नकाशा दाखवला.

निघताना त्यांनी अभिप्रायाची वही पुढे केली. मी लिहायला पेन घेतलं तर बाबांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं. उजवा हात मांडीवर तसाच ठेवून, वही डाव्या कुशीकडे तिरकी केली आणि लिहायला लागले. पहिलं अक्षर काढायलाच खूप वेळ गेला. ते आजोबा काही न बोलता उठले आणि दिवा वहीच्या जवळ सरकवला.